चौसष्ट किलो

३ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद देते, पण हात जरा आखडता घेऊन. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, ते मला दिसतं, आणि मूग गिळून बसतोस. म्हणून पत्र. पत्र निदान फोडावं तरी लागतं, आणि फोडल्यावर माणूस दोन ओळी वाचतोच. बाकी काही नाही तर ताईचं अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे का, एवढं तरी बघशील.

भांडण तुझं आणि बाबांचं. मी त्यात नव्हतेच, आणि इतकी वर्षं अडकित्त्यातली सुपारी मात्र मीच आहे. आई गेल्यावर तू त्या दवाखाने चालवणाऱ्या कंपनीत लागलास आणि बाबा म्हणाले, "आई तर वाचली नाही, आता हा आजारपणाचं दुकान थाटतोय." बोलायला नको होतं, कबूल. पण तूही त्याच पावली बॅग उचललीस. ते दाराशी उभे राहिले, तू मागे वळून बघितलं नाहीस. दोघंही एकाच मुशीतले, मान वाकडी झाली तरी चालेल पण वळवायची नाही.

असो. बातमी सांगते. तुमच्या कंपनीचा दवाखाना आपल्या गल्लीच्या तोंडाशी उघडलाय, सायकलचं दुकान होतं तिथे. तुला ठाऊक असणारच, नकाशावर टाचणी तूच टोचली असशील. थंडीत बाबांना दम लागायला लागला, पाय सुजले, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीकडे बघत उभे राहायचे, जसं काही भिंतीवर काहीतरी लिहिलंय. मी ओढूनच नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयाचा पंप कमजोर झालाय, त्यामुळे अंगात पाणी साठतं. पाणी काढायच्या गोळ्या दिल्या आणि माणूस चार दिवसांत पुन्हा पहिल्यासारखा झाला.

खरं ते सांगते. तपासणीची फी एवढी, की आमच्या दुकानात चष्म्याची दोरी त्याहून महाग आहे. डॉक्टर रोज असतात. गोळ्या तिथेच मिळतात, आणि मिळतातच. आईच्या वेळचं आठव. डॉक्टर आठवड्यातून एकदा, तेही आले तर, आणि गोळी विचारली की दुकानदार वर छताकडे बघायचा. बाबा दवाखान्याच्या बाकावर बसून बराच वेळ तो बोर्ड वाचत होते. मी विचारलं, काय बघताय. म्हणाले, "अक्षरं सरळ लावलीत." बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे शाल-श्रीफळच.

घरी आल्यावर लगेच पुस्ती जोडली, की मी तिथे जातो ते जवळ आहे म्हणून, दुसरं काही मनात आणू नका. मी कशाला आणते.

आता रोज सकाळी तुमच्या दवाखान्यातून एका सिस्टरचा फोन येतो. वजन किती, पाय दाबला तर खड्डा पडतो का, झोपताना उशा किती. पाणी साठायला लागलं की वजन आधी वाढतं, आणि आडवं झालं की दम लागतो म्हणून माणूस उशा वाढवत जातो, असं तिने समजावलं. वजन सांगायचं म्हटल्यावर बाबांची छाती फुगते. आयुष्यभर काटे दुरुस्त केले, आणि आता कुणीतरी रोज वजन विचारतंय! तबकडीचा जुना काटा काढलाय, त्यावर उभे राहतात आणि दवंडी पिटल्यासारखं सांगतात, चौसष्ट.

ती चौसष्टची गोष्ट तुला आठवत असेल. गोदामातला मोठा काटा दुरुस्त करायला जाताना लोखंडी वजनं कोण वाहून नेणार, म्हणून बाबा स्वतःच त्यावर चढायचे. लग्नात चौसष्ट, तू झालास तेव्हा चौसष्ट, आई गेली तेव्हाही चौसष्ट. व्यापारी म्हणायचे, काटेवाले उभे राहिले की काटा खरा. मग स्क्रू घट्ट करून त्यावर लाल रंगाचा ठिपका. ठिपका दिला की काम पक्कं, पुन्हा कुणी हात लावायचा नाही. एकदा तू मी झोपलेली असताना माझ्या नाकावर तो ठिपका दिला होतास, ताई दुरुस्त झाली म्हणून. दोन दिवस निघाला नव्हता, मेल्या.

लिही काहीतरी. एक ओळ चालेल.

ताई


२० मार्च

बारक्या,

एक ओळ चालेल म्हटलं तर तू खरंच एकच ओळ पाठवलीस. "बाबांना गोळ्या वेळेवर द्या." हो साहेब.

सिस्टरचं आणि बाबांचं मेतकूट जमलंय. फोन यायच्या आधीच आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत बसलेले असतात. मी म्हटलं, फोनवर दिसत नाही हो. तर म्हणाले, आवाजात कळतं. ती विचारते उशा किती, हे म्हणतात, "एक. राजा असतो तर दोन घेतल्या असत्या." रोज तेच उत्तर आणि ती रोज हसते. पगारात तेही धरलंय का रे?

मागच्या आठवड्यात मात्र जुंपली. वजन एकदम दीड किलोने जास्त. बाबा म्हणाले, काटा म्हातारा झालाय, स्प्रिंग सैल पडली. फोन स्पीकरवर, म्हणून मला बाहेर ऐकू येत होतं, सिस्टर शांतपणे म्हणाली, "काका, काटा जुना नाही, पाणी नवीन आहे. पाय दाबून बघा आणि मला सांगा." यांनी नाइलाजाने पाय दाबला. खड्डा पडला. मग तो पडला म्हणून सांगितलाही, कारण खोटं बोलायची सवय नाही. तिने डॉक्टरांना विचारून एक गोळी वाढवली, आणि तीन-चार दिवसांत चौसष्टवर आले. बाबांनी आयुष्यात काट्याच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकलं ते हे पहिलंच.

गल्लीत आता सगळे तिथेच जातात. समोरच्या काकू साखर तपासायला, आमच्या दुकानातला हिशेबनीस दम्यासाठी. लोक चांगलं बोलतात, आणि बाबा ऐकत बसतात. तुझं नाव कुणी काढलं तर उठून पाणी प्यायला जातात. परवा आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी डोकावले तर पेला भरलेलाच हातात, आणि कान बाहेर.

हे तुला सांगू नये असं त्यांना वाटत असणार. म्हणूनच सांगतेय.

ताई


७ मे

बारक्या,

तुमचा नवा काटा आला. काचेचा, पांढरा, पाटासारखा चपटा. त्याला तोंड नाही, तबकडी नाही. वर उभं राहिलं की आकडा उजळतो आणि थेट तुमच्या कंपनीत जातो. माझ्या फोनवर हिरवी खूण येते. वजन जास्त झालं तर लाल येणार म्हणे. सिस्टरचा फोन आता येणार नाही, काटाच सगळं कळवेल.

मी तुला मेसेज करून भांडले, आणि यावेळी तू चक्क उत्तर दिलंस. लिहिलंस, की एक सिस्टर दिवसाला किती जणांशी बोलणार, आणि फोन करणारी माणसं ठेवायची तर फी वाढवावी लागेल, मग पहिली सुटतील ती आईसारखी माणसं. काटा स्वस्त आहे, न थकता रोज विचारतो, आणि जिथे दवाखाना नाही तिथेही पोचतो. मी दोनदा वाचलं. पटलं, म्हणून राग आला. आईला असा काटा मिळाला असता तर, हे माझ्याही मनात आलंच.

पण बाबांचं काय ते सांगते. पहिले दोन दिवस ते नेहमीच्या वेळी भांग पाडून बसले. तिसऱ्या दिवशी बसले नाहीत. म्हणाले, यंत्राला काय सांगायचं, ते आपलं आपण बघतंय. शेवटच्या फोनवर सिस्टरने त्यांना सांगितलं होतं, की काका, आकडा आता रोज मुख्य ऑफिसात दिसेल. त्यावर फक्त "बरं" म्हणाले. जुना काटा समोरच्या काकूंना देऊन टाकला.

नवा काटा मात्र त्यांनी उलटासुलटा करून बघितला. चहाचा कप हातात, चष्मा कपाळावर, आणि काटा मांडीवर पालथा. चार रबरी पाय, त्यांच्याखाली बारीक स्क्रू, हे सगळं मला ऐकवलं. शेवटी म्हणाले, काम स्वच्छ आहे. मी म्हटलं, कुणाचं काम ते ठाऊक आहे ना. म्हणाले, "मी काय आंधळा आहे?"

सध्या चौसष्ट दाखवतो, तेव्हा दोघांची मैत्री आहे.

ये ना एकदा. जेवायला नको, राहायला नको. दवाखाना बघायला आलो म्हण. ते त्यांच्या बाकावर बसलेले असतील, तू आपला बोर्ड बघायला थांब.

ताई


२९ मे

बारक्या,

मधल्या दिवसांत एकदा फोनवर लाल खूण आली होती. "वजन वाढले आहे, उद्या पुन्हा तपासा." मी दुकानातून फोन केला तर बाबा म्हणाले, यंत्र आहे, चुकतं कधीकधी, मी बघतो. दुसऱ्या दिवशी हिरवी आली, चौसष्ट. तेव्हापासून रोज हिरवीच. सकाळी दुकानाचं शटर वर करताना ती खूण बघते आणि मग दिवस सुरू करते. तुझ्या काट्याने एवढं सुख दिलंय, नाकारत नाही.

तरी बाबा थकलेत. जेवण अर्ध्यावर आलंय. मी म्हटलं, असं चिमणीसारखं खाल तर वजन उतरेल. तर खुशीत म्हणाले, "चौसष्ट. बघून घे." वय झालं, दुसरं काय. चालायला जाणं बंद केलंय, ऊन लागतं म्हणतात. चपलेचा पट्टा तोकडा पडतो म्हणून माझ्या मागे लागून मोठी चप्पल आणवली. कारण काय, तर हल्ली चपला बारीक बनवतात. दुकानदाराला शिव्या देण्याची ताकद शाबूत आहे, तेव्हा काळजी नको.

आता एक गोष्ट सांगते आणि तू कानावर हात ठेवू नकोस. काल दुकानातून आले तर बाबांच्या पलंगावर तुझी उशी. ती निळ्या पट्ट्यांची, जिच्या कोपऱ्यातून कापूस काढून तू मांजराला मिशा लावल्या होत्यास. माळ्यावरच्या पेटीतून त्यांनी स्वतः काढली, स्टुलावर चढून, या वयात. त्यांची एक, मध्यंतरी माझी एक ढापलेली, आणि वर तुझी. मी विचारलं, ही कशाला काढलीत? तोंड फिरवून म्हणाले, "पडून होती."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतक्या वर्षांत त्यांनी तुझी कुठली वस्तू हातात घेतलेली मी बघितली नव्हती. आता तरी समज. ते बोलवणार नाहीत, त्यांना ते येतच नाही. उशी काढली, म्हणजे बोलावलंच की.

माझी लाल नेलपॉलिशची बाटली सापडत नाही. हसू नकोस. दुकानात दिवसभर आरशासमोर उभं राहावं लागतं, जरा नीटनेटकं नको दिसायला? बाबांना विचारलं तर म्हणाले, मी काय नखं रंगवतो?

जून लागला की ये.

ताई


१५ जून

बारक्या,

तू आलास, उभा राहिलास, गेलास. पाणीसुद्धा न पिता.

तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. दुपारी समोरच्या काकूंचा दुकानात फोन आला. बाबा खुर्चीत होते, बोलता येत नव्हतं. तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पायी धावत आल्या, त्यांच्या मागे कंपाउंडर ऑक्सिजनची नळकांडी खांद्यावर घेऊन. त्यांनी जे जे करायचं ते सगळं केलं, त्यात कसूर नाही. मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, वजन किती वाढलं होतं? मी फोन काढून दाखवला. हिरवी, हिरवी, हिरवी, आजचीसुद्धा हिरवी. त्यांनी फोनकडे बघितलं, बाबांच्या पायांकडे बघितलं, आणि फोन माझ्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. तोवर तू गाडीत होतास.

तू दाराशी उभा होतास तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, म्हणून मी बोलले नाही. तू मात्र एकच वाक्य बोललास. "ताई, काट्यावर सगळं नीट दिसत होतं. मी रोज बघत होतो." रोज! मला फोन करायला तुला सवड नव्हती, आणि त्यांचा आकडा तू रोज उघडून बघत होतास. मला तेव्हा तुला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही राहिलं.

आता तुझी कंपनी काय करते ते ऐक. बाबा गेल्यापासून रोज सकाळी माझ्या फोनवर येतं, "नमस्कार. आज आपले वजन नोंदवलेले नाही. कृपया काट्यावर उभे राहा." पहिल्या दिवशी मी फोन भिंतीवर आपटणार होते. दवाखान्यात सांगितलं, त्यांनी माफी मागितली, म्हणाले बंद व्हायला वेळ लागतो, ते वरून होतं. वर म्हणजे तूच ना?

बंद कर ते.

ताई


४ जुलै

बारक्या,

मेसेज बंद झाला, पण त्याच्या आधी एक गोष्ट घडली. ती सांगायला हे पत्र. बसून वाच.

एके दिवशी सकाळी तो मेसेज आला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, वजनच हवंय ना, घ्या माझं. तशीच जाऊन काट्यावर उभी राहिले. आकडा आला पंचावन्न. आदल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला धरून तपासलं होतं, रक्तदाब बघितला, वजन केलं, आणि तेव्हा अठ्ठावन्न भरले होते. दुःखाने माणूस वाळतो म्हणतात, पण मी रोज समोरच्या काकूंकडचं दोन वेळचं जेवतेय. उतरले, पुन्हा चढले. पंचावन्न.

मग मी तो पालथा केला.

एका रबरी पायाची कड उचकटून पुन्हा चिकटवली होती. ती सोलली. खाली आकडा जुळवायचा एक बारीक स्क्रू, आणि त्याच्या डोक्यावर लाल ठिपका. एक नाही रे. ठिपक्यावर ठिपका, त्यावर पुन्हा ठिपका, वाळून टेंगूळ झालेलं. चमक ओळखीची होती. माझी बाटली त्यांच्या हत्यारांच्या डब्यात सापडली, पकडीच्या खाली, झाकण घट्ट लावलेली.

मी तिथेच फरशीवर बसले. सगळं लख्ख दिसलं. त्यांना आपलं वजन चौसष्ट ठाऊक होतं. काटा सहासष्ट दाखवायला लागला, तर चुकलं कोण? उघड आहे, काटा. चाळीस वर्षं असंच होतं. ते उभे राहिले की काटा खरा. त्यांनी त्याला खरा केला. पुन्हा वाढलं, पुन्हा खरा केला. आणि आत पाणी चढत होतं. जेवण कमी झालेलं, म्हणून वजन वाढलंय यावर त्यांचा विश्वास बसणार कसा? "पाय दाबून बघा" म्हणणारं कुणी नव्हतं. मी होते, पण मला रोज हिरवी खूण दिसत होती.

काटा घेऊन मी दवाखान्यात गेले. त्यांनी मान्य केलं, लिहून घेतलं, म्हणाले असं कुणी करेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच आहे ते. असं करणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आपल्या घरात निघाला.

काल संध्याकाळी दार वाजलं. बाहेर एक बाई उभी, आवाजापेक्षा बरीच लहान. "मी फोनवाली सिस्टर," म्हणाली. तिला आता औषधांच्या पार्सलांवर बसवलंय. दवाखान्यातून तिला कळलं. बाबांना तिने कधी बघितलं नव्हतं, म्हणून फोटो मागितला. बघून म्हणाली, भांग पाडतात हे मला वाटलंच होतं.

मग तिने पलंगाकडे बघितलं. मी काहीच हलवलेलं नाही. तिथे तशीच उभी राहून तिने हळूच विचारलं, "तीन उशा घ्यायचे? कधीपासून?"

बारक्या, ती तुझी उशी. मी तुला काय लिहिलं होतं त्या उशीबद्दल, आणि तिने एका नजरेत काय वाचलं. आडवं झालं की त्यांना श्वास लागत होता. दोन पुरेनात, म्हणून ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरून तिसरी काढली. तिने रोजच्यासारखं फोनवर विचारलं असतं, की काका, उशा किती, तर त्यांनी सांगितलं असतं. खोटं बोलायची सवयच नव्हती. तीन, म्हणाले असते, आता राजा झालोय. आणि ती हसली नसती.

मला रडू आवरेना. ती माझ्याजवळ बसली आणि बराच वेळ माझा हात धरून राहिली. मग म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं होतं, मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मे महिन्यात एकदा काकांनी दवाखान्याच्या नंबरवर फोन करून तिला मागून घेतलं होतं. विचारलं, नवा काटा जास्त दाखवतोय, तक्रार कुणाकडे जाते? तिने सांगितलं, तक्रार थेट मुख्य ऑफिसात, काटे ज्यांनी आणले त्या साहेबांकडे. आणि तुझं नाव घेतलं. तू आमचा कोण, ते तिला माहीत नव्हतं.

"काकांनी नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं," ती म्हणाली. "मग म्हणाले, नको मग. तक्रार नाही काही. घरातलंच काम आहे, मी बघून घेतो."

घरातलंच काम, बारक्या. आपलेच दात, आपलेच ओठ. मुलाचा काटा चुकतोय हे बाहेर कळायला नको, म्हणून त्यांनी तो गुपचूप दुरुस्त केला आणि त्यावर आपली खूण केली. तुझ्या कामावर बाबांनी ठिपका दिला. इतकी वर्षं तुला त्यांच्याकडून जे ऐकायचं होतं ते हेच होतं, आणि ते त्यांनी अशा ठिकाणी लिहून ठेवलं जिथे तू कधी बघणार नव्हतास. आणि तूही तिकडे रोज सकाळी चौसष्ट बघून, बरे आहेत म्हणून, फोन खाली ठेवत होतास. दोघांनी मिळून रोज एकमेकांची विचारपूस केलीत, त्या एका आकड्यात. तो आकडा खोटा होता.

मी तुला दोष देत नाही. सिस्टर म्हणाली तेच खरं, की काटा आल्यामुळे लांबलांबची कित्येक माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली, आधी त्यांना कुणीच विचारत नव्हतं. ते बंद करू नकोस, तुला बाबांची शपथ. फी वाढवू नकोस. पण काट्याच्या मागे एक माणूस ठेव. रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. आणि लाल झालेलं आपोआप हिरवं झालं, की त्याच दिवशी. त्याने आकडा विचारू नये. उशा किती, एवढंच विचारावं, आणि उत्तर ऐकायला थांबावं. हिला पार्सलांवरून उठव, ती सुरुवात करेल. कसं जमवायचं ते तू बघ, नकाशावर टाचण्या टोचणारा तू आहेस.

काटा मी दवाखान्यातून परत आणलाय. तो कपाटात आहे, ठिपका तसाच ठेवलाय. पोस्टाने पाठवणार नाही. तुला तो हातात घेऊन बघायचा असेल तर यावं लागेल. उशीचं म्हणशील तर सिस्टर सांगते ते खरं, दम लागत होता म्हणूनच काढली. पण घरात पाहुण्यांसाठीच्या आणखी दोन उशा होत्या, खालच्या कपाटात, हाताशी. त्यासाठी स्टुलावर चढायची गरज नव्हती.

हे पत्र तक्रार म्हणून नोंदवून घे. बाबांनी केली नाही, कारण ती तुझ्याकडे आली असती. मी त्याच कारणासाठी करतेय.

ताई